पाठीवरचा हात

पणजीच्या कॅसिनोंमध्ये श्रीरंग आवटीला फार मान होता. त्यानं बोटीवर पाय ठेवला की दारावरचा कॅमेरा त्याचा चेहरा ओळखायचा, आतल्या पडद्यावर लाल चौकट उमटायची आणि कोट घातलेला एखादा मॅनेजर हसत सामोरा यायचा. "या सर. जेवा, गाणी ऐका, रूलेट खेळा, तीन पत्ती खेळा. फक्त ब्लॅकजॅकच्या टेबलाला हात लावायचा नाही." मिरजेच्या कॉलेजात जन्मभर संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाला याहून मोठं प्रशस्तिपत्रक कोण देणार? प्रिन्सिपॉलांनी तर निरोपसमारंभात त्याचं आडनावसुद्धा चुकवलं होतं.

त्याचा गुन्हा एवढाच की त्याला मोजता यायचं. ब्लॅकजॅक हा एकवीसचा खेळ. हातातल्या पानांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची. वर गेलात की मेलात. सहा गड्ड्या एकत्र पिसून एका लांबट पेटीत भरतात आणि डीलर त्यातून एकेक पान सरकवतो. बाहेर आलेलं पान पेटी संपेपर्यंत परत आत जात नाही, आणि सगळी गोम इथंच आहे. दुर्रीपासून छक्कीपर्यंतची बारकी पानं उडून गेली की आत राजे, राण्या, एक्के जास्त उरतात आणि पारडं खेळणाऱ्याकडे झुकतं. मग बारकं पान दिसलं की मनात एक मिळवायचा, मोठं दिसलं की एक वजा करायचा, आणि आकडा चांगला चढला की डाव वाढवायचा. यात ना यंत्र लागतं ना लबाडी. कॅसिनोवाल्यांना जिंकणारा पाहुणा आवडत नाही, एवढंच.

पेटी संपत आली की मध्ये खुपसून ठेवलेलं पिवळं प्लॅस्टिकचं पान बाहेर येतं. ते आलं की पत्ते पुन्हा पिसले जातात आणि मोजणाऱ्यानं डोक्यातला आकडा शून्यावर आणायचा असतो. नवशिके मोजायला चुकत नाहीत, विसरायला चुकतात, असं श्रीरंग सांगायचा. मागच्या पेटीतलं काहीतरी डोक्याला चिकटून राहतं आणि नव्या पेटीचं गणित नासतं.

शैलजाला, म्हणजे त्याच्या बायकोला, या विद्येचं काडीचंही कौतुक नव्हतं. "तीनशे पत्ते लक्षात राहतात आणि गॅस बंद करायचा राहत नाही होय रे?" असं ती भर पाहुण्यांत विचारायची. तिला तो अधिकार होता. लक्ष्मी मार्केटच्या मागे तिचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं आणि अर्ध्या मिरजेतल्या बायकांची मापं तिच्या डोक्यात होती. बाई पायरी चढतानाच ही आतून म्हणायची, "काकू, यंदा दंड अर्धा इंच सैल करू ना?" काकू रागवायच्या, पण दंड सैल करून घ्यायच्या.

मग एके दिवशी तिनं मुलीच्या, मृणालच्या, ब्लाउजला बाह्या उलट्या लावल्या. मृणाल बेळगावहून सणाला आली होती. दोघी पोट धरून हसल्या. शैलजानं बाह्या उसवल्या आणि पुन्हा लावल्या. पुन्हा उलट्याच लागल्या. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

स्मृतिसेतू तोवर मोठ्या शहरांतून मिरजेच्या दवाखान्यांपर्यंत पोचला होता. मेंदूत, कानाच्या आतल्या अंगाला, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग असतो. दिवसभरात जे घडतं ते आधी तिथं येऊन थांबतं आणि मग हळूहळू कायमच्या साठवणीत जातं. शैलजाला झालेल्या या विसरण्याच्या आजारात पहिल्यांदा ढासळतो तो हाच भाग. साठवण शाबूत असते, पण तिथं जायची वाट बुजते. सेतू म्हणजे मटाराच्या दाण्याएवढं एक यंत्र आणि केसाहून बारीक तारा. घडलेलं तो तेवढ्यापुरतं धरून ठेवतो आणि निवडून पलीकडे पोचवतो. निवड तो माणसाकडूनच शिकतो. ज्या क्षणी मन उसळलं तो क्षण महत्त्वाचा, असं त्याचं साधं गणित. एकदा शिकला की मग त्या शिकण्याला तो घट्ट धरून असतो.

"पण मन दुःखानंही उसळतं, भीतीनंही उसळतं," डॉक्टर निखत शिकलगार म्हणाल्या. शैलजाचं ऑपरेशन त्यांनीच केलं होतं. त्यांच्या लग्नाचे ब्लाउज शैलजानं शिवले होते. "वाईट स्वप्न, पडणं, सुया टोचणं, हे सगळं कायमचं आत जाऊन बसलं तर पेशंट वेडा होईल. म्हणून हा चेंडू." त्यांनी टेबलावर एक निळा रबरी चेंडू ठेवला. "नको ते काही घडलं की थोड्याच वेळात हा वहिनींच्या हातात द्यायचा. त्यांनी दाबायचा आणि तुम्ही म्हणायचं, सोड. आठवडाभरात सेतू शिकेल. चेंडू आला की हे पलीकडे न्यायचं नाही."

"चेंडूच कशाला, मॅडम? नुसतं हातानं थोपटलं तर?"

"अजिबात नाही. माणसाचा स्पर्श या कामाला कधीही वापरायचा नाही, सर. चेंडूवर कुणाचं प्रेम नसतं, म्हणून चेंडू."

श्रीरंगनं मान हलवली. मागच्या बाकावरची पोरं त्याच्या तासाला हलवायची तशीच.

घरी आल्यावर आठवण्याचा रोज सराव द्यायचा होता. कविता शैलजाला कधीच आवडल्या नव्हत्या, गावांची नावं पाठ करायला ती तयार नव्हती. म्हणून श्रीरंगनं पत्ते काढले. एक गड्डी एकेक करून दाखवली आणि विचारलं, काय काय येऊन गेलं? शैलजानं डोळे मिटले आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं सांगितलं. इस्पिकची सत्ती, बदाम राणी, किलवरची तिर्री, कुठेही न अडखळता. आणि डोळे उघडून म्हणाली, "असा आ वासून काय बघतोयस? माशी जाईल तोंडात."

त्या दिवशी श्रीरंगला जेवण गेलं नाही. पुढे त्यानं दोन गड्ड्या केल्या, मग सहा. ती चुकेना. आणि त्याच्या डोक्यात जो किडा वळवळायला लागला तो आम्हा-तुम्हाला कळायचा नाही. तो संख्याशास्त्रवाल्यालाच कळेल.

ब्लॅकजॅकच्या टेबलावर मुख्य डावाशेजारी एक छोटं वर्तुळ असतं. तिथं वेगळी पैज लावता येते: माझी पहिली दोन पानं जोडीची येतील, दोन राजे, दोन अठ्ठ्या, काहीही. आली तर बक्कळ मिळतं. बहुतेक वेळा येत नाहीत, म्हणून शहाणी माणसं त्या वर्तुळाकडे ढुंकून बघत नाहीत आणि कॅसिनोवाले तिथं पैसे टाकणाऱ्याला खुर्चीवर उशी आणून देतात. मिळवा-वजा करून ही पैज मारता येत नाही. त्यासाठी प्रत्येक पान आत किती उरलंय, रंगासकट, वेगवेगळं माहीत हवं. पेटी संपत आली आणि आत एकाच जातीची पानं दाटली, तर कधीकधी ही पैज खेळणाऱ्याच्या बाजूला झुकते. ती वेळ नेमकी कोणती, हे कुठल्याही माणसाच्या मेंदूला कळणं शक्य नाही, असा लेख श्रीरंगनंच तरुणपणी लिहिला होता. आता ते शक्य असलेला मेंदू त्याच्या स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसला होता.

"गोव्याला जाऊया का?" त्यानं विचारलं.

"मला समुद्र दाखवणार असशील तर," शैलजा म्हणाली.

बोटीवर मेनेझिस नावाचा मॅनेजर नेहमीसारखा सामोरा आला. श्रीरंगनं हात वर केले. "मी खेळणार नाही. या माझ्या मिसेस. आजारी असतात. त्यांना जरा विरंगुळा." मेनेझिसनं शैलजाच्या कानामागचा व्रण पाहिला, दवाखान्याचं कार्ड पाहिलं. सेतू बाहेर काही पाठवत नाही, बाहेरून काही घेत नाही. तपासणीचं यंत्र गप्प राहिलं. "बसा ना मॅडम," तो मऊ आवाजात म्हणाला. "सर, तुम्ही मागे खुर्ची घ्या. पण टेबलावर काही आणायचं नाही हां. हातात पण काही नको." आणि त्यानं निळा चेंडू काढून घेतला व पावती दिली.

पहिली पेटी झक्क गेली. मुख्य डावावर शैलजा सगळ्यात लहान चिप लावत राहिली, आणि श्रीरंगनं घरी शिकवलं होतं तसं पेटीच्या शेवटाला तिनं छोट्या वर्तुळात ढीग सरकवला तेव्हा दोन चौकट राण्या आल्या. कॅसिनोचं यंत्र मुख्य डाव चढतो का, एवढंच बघत होतं. त्याच्या लेखी ही एक म्हातारी होती आणि तिचं नशीब चांगलं होतं. मग पिवळं पान आलं, पत्ते पिसले गेले, आणि दुसऱ्या पेटीत शैलजा गडबडली. मागच्या पेटीतल्या राण्या तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. सेतूनं सगळं जपून ठेवलं होतं. नव्या-जुन्याची खिचडी झाली होती. "श्री, मला काही कळेना रे," ती मान वळवून म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर तो उलट्या बाह्यांच्या दिवसाचा भाव आला.

श्रीरंगला तो भाव बघवला नाही. चेंडू दारात होता. त्यानं तिच्या पाठीवर, मानेच्या जरा खाली, तळहात ठेवला आणि हळूच म्हणाला, "सोड."

तिनं श्वास सोडला. पुढच्या काही पेट्या अडखळत गेल्या. पण 'सोड' सेतूच्या ओळखीचं होतं, म्हणून दुपार संपेपर्यंत तो हातही शिकला. हात आला की पाटी कोरी. श्रीरंगला चेंडूची आठवणही राहिली नाही. परतताना पावती त्याच्या खिशातच राहिली.

खरं सांगायचं तर पैशांसाठी तो गेला नव्हता. जिंकलेले पैसे बँकेत पडून राहिले. त्याला हवी होती ती टेबलावरची शैलजा. घरी ती दिवसेंदिवस खिडकीशी बसायची, विचारलं तर उत्तर द्यायची, नाही विचारलं तर नाही. टेबलाशी बसली की तिची पाठ ताठ व्हायची, डोळ्यांत जुनी धार यायची. एकदा डाव चालू असताना ती डीलर पोरीला म्हणाली, "बाळा, हे जाकीट कुणी शिवलं? खांदा उतरलाय की. उद्या सुईदोरा घेऊन ये, टाका घालून देते." ती पोर हसली आणि दुसऱ्या खेपेला खरंच घेऊन आली. बाहेर पडल्यावर धक्क्यावर उभी राहून शैलजानं आमलेट-पाव खाल्ला, मिरची लागली म्हणून श्रीरंगला शिव्या घातल्या. एवढ्यासाठी तो पृथ्वीच्या टोकालाही गेला असता. त्या थंडीत ती दोघं पुन्हापुन्हा पणजीला गेली, आणि प्रत्येक पिवळ्या पानाला श्रीरंगचा हात तिच्या पाठीवर गेला.

गोव्याचं तिला काही आठवायचं नाही. "आपण कधी गेलो होतो?" ती विचारायची. श्रीरंगला त्याचं फार वाटलं नाही. सोड म्हणून सांगितलंय तर सोडणारच. जुनं आहे ना, तेवढं पुरे, असं तो स्वतःला समजवायचा. आणि जुनं टिकावं म्हणून तो रोज संध्याकाळी तिच्याशेजारी बसायचा, फोटो काढायचा, कॉलेजच्या गॅदरिंगच्या, लग्नाच्या, मृणालच्या बारशाच्या गोष्टी तिला बोलायला लावायचा. ती बोलायला लागली की त्याला भरून यायचं. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्याचा हात तिच्या पाठीवर जायचा.

दुसऱ्या दिवशी तो फोटो तिला ओळखू यायचा नाही. आजार पुढे सरकतोय, असं श्रीरंग समजला. म्हणून तो रोज आणखी जुन्यात शिरू लागला, आणखी जवळ बसू लागला.

एप्रिलात पणजीला शेवटची खेप करायची असं ठरलं होतं. भर दुपारी टेबल रिकामंच होतं. पेटी संपली, पिवळं पान आलं, श्रीरंगनं हात ठेवला. शैलजा एकदम पुढे सरकली, वळली आणि त्याच्याकडे बघून तिनं आवाज चढवला, "अहो, तुम्ही कोण? पाठीला काय हात लावता? लाज नाही वाटत?"

"शैला, अगं मी..."

"नाव घेऊ नका माझं!" ती उभीच राहिली. डीलर पोरीकडे वळून म्हणाली, "रोझलिन, बघ गं हा माणूस." पोरीचं नाव तिनं जाकिटावरच्या बिल्ल्यावरून बरोबर वाचलं होतं.

दोन गार्ड आले. त्यांनी श्रीरंगच्या दंडाला धरून बाजूच्या खोलीत नेलं. त्याला राग आला नाही, लाजही वाटली नाही. मेनेझिस आला, पडद्यावरची लाल चौकट बघितली, जुनी नोंद बघितली. मग पाण्याचा ग्लास पुढे करून म्हणाला, "सायबा, आमची मशीन तुम्हाला वीस वर्षांमागच्या फोटोवरून पण ओळखते. मॅडम ओळखत नाहीत. मी काय करू सांगा."

मृणालला फोन करावा लागला. ती बेळगावहून गाडी घेऊन आली. बोटीच्या दारात तिला बघताच शैलजा गळ्यात पडली. "मृणाल! किती वाळलीस गं! कंबर दीड इंच तरी उतरली तुझी." श्रीरंग पाच पावलांवर उभा होता. तो पुढच्या सीटवर बसला, मायलेकी मागे. घाट चढेपर्यंत तो मागे वळला नाही.

डॉक्टर शिकलगारांनी सेतूची सगळी नोंद काढली, दोनदा वाचली. मृणाल आईला घेऊन बाहेर बसली होती. डॉक्टर रागावतील असं श्रीरंगला वाटलं होतं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सर, चेंडू कुठे आहे?"

त्यानं सगळं सांगितलं.

"तुम्ही सेतूला शेकडो वेळा शिकवलंत," त्या म्हणाल्या, "की हा हात आला की झालेलं टाकून द्यायचं. चेंडू असता तर चेंडूपुरतं राहिलं असतं. पण हात एकटा येत नाही ना. हातामागे आवाज असतो, अंगाचा वास असतो, चालण्याची पद्धत असते. सेतूनं हळूहळू तेही धरलं. आता तुम्ही समोर असलात, तरी त्याला तेवढं पुरे आहे."

"पण ते नव्याचं झालं. जुनं कसं गेलं? आमचं लग्न, मृणालचा जन्म, हे तर सेतू बसवायच्या आधीचं आहे. ते तर साठवणीत होतं."

डॉक्टरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला. "आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नसतो. प्रत्येक वेळी आठवताना ती बाहेर येते, थोडा वेळ मऊ असते, आणि मेंदूला ती नव्यानं परत ठेवावी लागते. उसवून पुन्हा शिवल्यासारखं. तुमचं-माझं आपोआप होतं. वहिनींचं परत ठेवायचं काम सेतू करतो. आठवण उसवलेली असताना त्याला सोड अशी खूण मिळाली, तर तो शिवतच नाही. तुमच्याशेजारी बसून त्यांनी जे जे आठवलं, सर, ते ते गेलं."

श्रीरंगला त्या संध्याकाळी दिसल्या. एकेक फोटो, एकेक गोष्ट. तिला बोलतं करायला त्यानं किती लाडीगोडी लावली होती. तो टेबलावर डोकं टेकून हुंदके देऊन रडला. डॉक्टर उठून दार लावून आल्या.

"परत शिकवता नाही येणार?" त्यानं नंतर विचारलं.

"शिकलेलं तो सोडत नाही, त्यासाठीच तो बनवलाय. नवा बसवायचा तर पुन्हा ऑपरेशन, आणि ते आता त्यांना झेपणार नाही. बंद केला, तर थोड्याच दिवसांत त्या मृणाललाही ओळखणार नाहीत. चालू ठेवला तर त्यांच्याकडे सगळं राहील. फक्त तुम्ही नाही."

"सगळाच गेलो मी?"

"नाही. अजून त्यांनी तुमच्यासमोर जे आठवलेलं नाही, तेवढं सुरक्षित आहे. काल मी एकटीनं त्यांच्याशी बोलले. 'आमचा श्री' म्हणून त्या एका पोराबद्दल बोलतात. गणितात डोकं, रस्त्यात चालताना ठेच खाणारा. तो त्यांच्याजवळ आहे. पण समोरचे तुम्ही म्हणजे तो, हे त्यांना जुळवता येत नाही." डॉक्टरांनी त्याच्याकडे न बघता पुढचं सांगितलं. "तो श्री राहायला हवा असेल, तर तुम्ही लांब राहायला हवं. भेटा कधीतरी. हवापाण्याचं बोला. ती भेट त्यांच्या लक्षात राहणार नाही, पण त्यानं नुकसान नाही. जुनं काही निघालं की मात्र उठायचं. आणि हात लावायचा नाही."

निर्णय घ्यायला त्याला वेळ लागला नाही, घेतल्यावर पाळायला मात्र फार जड गेलं. शैलजा मृणालकडे बेळगावला गेली. बाबा मिरजेला असतात, कॉलेजचं काम निघालंय, असं मृणालनं आईला सांगितलं आणि तिला ते पटलं. श्रीरंग एकट्यापुरता कुकर लावायला शिकला. दुकान त्यानं विकलं नाही; अधूनमधून जाऊन मशीनला तेल घालायचा, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचायचं नाही. रविवारी सकाळच्या गाडीनं तो बेळगावला जायचा. दर रविवारी शैलजाला तो नव्यानंच भेटायचा, "मिरजेचे एक सर" म्हणून. तो दाराजवळच्या खुर्चीत बसायचा, हात मांडीखाली दाबून. पाऊस, वांगी, गॅसचा भाव असं काहीबाही बोलून परत निघायचा.

असाच एक रविवार. मृणाल आत चहा टाकत होती. शैलजा नातीच्या फ्रॉकला बटण लावत होती; हातांना काही विसर पडला नव्हता. दात लावून तिनं दोरा तोडला आणि म्हणाली, "मिरजेचे म्हणजे, आमच्या श्रीला ओळखत असाल तुम्ही. आवटी. संख्याशास्त्र शिकवतो."

"ऐकून आहे," श्रीरंग म्हणाला. त्यानं लगेच उठायला हवं होतं. तो उठला नाही.

"भारी विचित्र माणूस हो. माझ्यामागे किती मुलं होती म्हणून सांगू! एक तर डॉक्टर होता. घरचे म्हणायचे, त्या ठेचकाळ्यात काय बघितलंस? तोही विचारायचा. लग्नाला वर्ष झालं तरी विचारायचा, नंतरही कितीदा विचारलं. मी नाही सांगितलं. म्हटलं, चढून बसेल डोक्यावर." ती गालात हसली. तिच्या डोळ्यांत ती जुनी धार होती, टेबलावर असायची त्याहून कितीतरी जास्त. "तुम्ही परके म्हणून सांगते. कॉलेजात एकदा काय झालं..."

श्रीरंगचा जीव गोळा होऊन कानात आला. लग्नाच्या आधीपासून त्याला हे हवं होतं. काय बघून ही बाई आपल्याला हो म्हणाली, हे कोडं त्याला कुठल्याही गणितानं सुटलं नव्हतं. कॉलेजात एकदा काय झालं होतं? त्याला काहीच आठवेना. ते फक्त तिच्यापाशी होतं, जगात दुसरीकडे कुठेही नव्हतं. दोन मिनिटं बसून राहिलं की ते त्याचं होणार होतं, आणि तिच्याकडून कायमचं जाणार होतं.

"नका सांगू," तो म्हणाला आणि उठला. "मला नका सांगू, वहिनी. त्यांनी एवढं विचारलंय, तर आधी त्यांनाच सांगा."

शैलजानं मान डोलावली. "खरंय तुमचं. परक्याला सांगायचं आणि त्याला नाही, बरं नाही ते."

मृणाल ट्रे घेऊन आली. उभे असलेले बाबा बघून तिचा चेहरा उतरला. "काय गं आई? काय सांगत होतीस?"

"तुला नाही सांगायचं. कुणालाच नाही. हे म्हणतात तेच बरोबर, श्रीलाच सांगीन." तिनं फ्रॉक झटकून घडी घातली. "कधी येणार आहे गं तो?"

मृणालनं ट्रे टेबलावर ठेवला.

"येतील," श्रीरंग चपला घालत म्हणाला.

"येऊ दे सावकाश," शैलजा म्हणाली. "मी काही विसरत नाही."

त्यानं दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरायला लागला.